२५६ केबीत मावणारी गरिबी

कॉलेजची फी सरकारने भरावी असं वाटतंय? उत्तम विचार आहे. पण त्यासाठी नुसतं गरीब असून भागत नाही. गरीब काय, कोणीही असतं. तुमची गरिबी तहसील कचेरीच्या दाखल्यावरची, चालू वर्षाची आणि महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवर, २५६ केबीच्या आत मावणारी हवी.

तयारी वेळेवर सुरू करा. बारावीनंतर धावणाऱ्यांचे हाल होतात. खरा मुहूर्त बारशाचा. आत्या कानात कुर्र करायला वाकली की तिला तिथेच अडवा आणि आधार, मार्कशीट, रेशनकार्ड, पासबुक या चारही ठिकाणी एकाच स्पेलिंगने उमटेल असं नाव मागून घ्या. जमल्यास वडिलांचंही बघा. माझ्या एका मित्राचे वडील आधारवर ज्ञानेश्वर, रेशनकार्डावर ज्ञानोबा आणि सातबाऱ्यावर ज्ञानदेव. तिघे एकच, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दाखले काढून देणाऱ्याला नव्हतं.

मग उत्पन्न. अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख. तेव्हा वडिलांना ओव्हरटाइम करू देऊ नका. हजार रुपये वर गेले की शिष्यवृत्तीची फ्रीशिप होते. म्हणजे फी माफ, पण निर्वाह भत्ता गेला. आणि त्या हजारात मेसचं बिल भागत नाही. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीची मर्यादा मात्र ऐसपैस, ८ लाख. फक्त एका कुटुंबातल्या दोघांनाच मिळते. तिसऱ्याने जन्माला येण्याआधी जीआर वाचायला हवा होता.

आता स्कॅनिंग. इथे घाई नको, ही साधना आहे. दाखला स्कॅन केलात की तो ३१० केबीचा निघतो. दाबून २४० वर आणलात की सही जाते. सही परत आणलीत की शिक्का पुसट होतो. सही, शिक्का आणि बारकोड तिन्ही दिसतात तेव्हा आकडा २५७ असतो. नेटकॅफेत शेजारी बसलेल्या एका पोराला २४९ मध्ये सगळं दिसलं, तर त्याने अख्ख्या कॅफेला चहा पाजला. दाखल्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला असेल, पण आनंदाला हिशेब नसतो.

अर्ज ऑनलाइन आहे, हे विसरू नका. म्हणून त्याची प्रिंट काढून, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स जोडून, दोन प्रतींत कॉलेजच्या खिडकीवर नेऊन द्या. काही दिवसांनी अर्ज परत येईल. शेरा असेल, ‘योग्य कागदपत्र जोडा.’ कोणतं, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. सगळीच पुन्हा जोडा. खिडकीतल्या काकांशी सलगी वाढवा, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करा. पुढच्या वर्षी नूतनीकरणालाही तेच असतात.

फी? ती तूर्तास भरून टाका. गरिबाच्या घरात तेवढे पडून असतातच.

शेवटी पैसे. फॉर्ममध्ये खातं लिहिलंय म्हणून बँकेत हेलपाटे घालू नका. रक्कम आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात जाते, आणि ते कोणतं हे शोधण्यात अभ्यासाच्या ताणापासून विरंगुळा मिळतो. माझं निघालं आठवीतलं, गणवेशाच्या पैशांसाठी शाळेने काढून दिलेलं. दुसऱ्या वर्षाचा हप्ता मी नोकरीला लागल्यावर त्यात येऊन पडला होता. खातं बंद पडलेलं. केवायसी करायला रजा टाकून गेलो. बाईंनी आधार घेतलं, पॅन घेतलं, दोन्ही शेजारी ठेवून चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “नावात एक ‘ए’ जास्त आहे हो.”

बाहेर येऊन आत्याला फोन लावला.