आडनाव टाकलं की सात पिढ्या निघतात, हे खरं नाही राजेहो

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, दोन गावचे, एक सोयऱ्यांचा, एक शाळेतल्या मित्रांचा. म्हणतो काय, तर "सगळं जुनं रेकॉर्ड आता ऑनलाइन झालं, तहसीलच्या चकरा बंद, आडनाव टाका आणि दहा मिनिटांत सात पिढ्यांची वंशावळ मोबाईलवर पाहा, मोडी पानं एआय वाचून देते, घरच्या म्हाताऱ्यांना विचारत बसायची गरज नाही." पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण मी तीन वर्षांपासून अमरावती जिल्ह्यात आमच्या घरचे कागद शोधतोय आणि शेवटचं वाक्य वाचून खरंच जीव कळवळला, म्हणून एकेक गोष्ट घेतो.

आधी ते आडनाव. आपले अभिलेख नावाचं सरकारी पोर्टल आहे, चांगलं आहे, अकोला आणि अमरावती त्यात सुरुवातीलाच आले, घरबसल्या जुना सातबारा, फेरफार मिळतो आणि मी स्वतः काढलेत. पण तिथं आधी जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि सर्वे नंबर द्यावा लागतो. म्हणजे आजा-पणजाचं वावर कोणत्या मौज्यात, कोणत्या नंबरात होतं हे आधी माहीत पाहिजे. महाभूलेखवर नावानं शोधता येतं, पण ती आजच्या सातबाऱ्यावरची नावं, पणजा तिथं कुठून सापडणार. आणि आपल्या इकडे तर रिठांचा वेगळाच घोळ, गाव उठून गेलं, माणसं शेजारच्या गावात राहायला आली, कागदावर मौजा मात्र तसाच राहिला. मी आठ महिने आमच्या राहत्या गावात नंबर शोधत होतो, वावर निघालं दीड कोसावरच्या रिठात.

दुसरं म्हणजे जुन्या कागदात आडनाव असेलच असं नाही, आमच्यात तर नव्हतंच. कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मरणाच्या जुन्या नोंदवहीची नक्कल ज्यांनी काढली त्यांना ठाऊक आहे. जन्माच्या नोंदीत बाप, जात, तारीख आणि मुलगा झाला की मुलगी, एवढंच, बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आधीच कोतवाल नोंद देऊन मोकळा झालेला. नावं कशी तर अमका वल्द तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा, बाई असली तर जौजे अमका, म्हणजे अमक्याची बायको, नवरा गेला असला तर बेवा अमका. आमच्या पणजाचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हेचं आहे, एकात पूर्ण, एकात शेवटी "जी" लावून, एकात गावात हाका मारायचे तसं तोडून. आता सांगा, सर्चच्या डब्यात यातलं काय टाकायचं?

"सगळं ऑनलाइन" म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की विदर्भाचा कागद एका तऱ्हेचा नाही. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलं आणि इथं रयतवारी झाली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून, नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा तिकडे मालगुजारी, म्हणजे मधे मालगुजार, ती 1951 मध्ये संपली. म्हणून वर्ध्याकडचा माणूस मिसल बंदोबस्त, म्हणजे इंग्रजांच्या वेळची जमिनीची नोंद, आणि 1954-55 चं अधिकार अभिलेख शोधतो आणि वऱ्हाडातला भलतंच काही. एका जिल्ह्याची युक्ती दुसरीकडे चालत नाही.

परदेशी वंशावळीच्या साइटचंही नाव त्या मेसेजमध्ये होतं. फॅमिलीसर्च फुकट आहे आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटोही त्यावर आहेत, पण ते बहुतेक नुसते फोटो, पानामागून पान पाहत बसायचं, नाव टाकून निघत नाही. आणि आमच्या घरची माणसं अस्थी घेऊन नाशिकला गेली, त्र्यंबकला गेली, तिथली नामावळी तीर्थोपाध्यायांच्या घरच्या वहीत आहे, तिथं स्वतः जाऊन बसावं लागतं.

मोडी आणि एआय. यावर काम चालू आहे आणि व्हावं, मला त्याचा आनंदच आहे. पण मी आमच्या एका पानाचा फोटो टाकून पाहिला तर उत्तर एकदम सफाईदार आलं, फक्त त्यातलं गाव आमच्या तालुक्यात नाहीच. मोडी शिकलेल्या एका रिटायर मास्तरांनी तेच पान भिंग घेऊन पाऊण तासात वाचलं, दोन शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "हे मले लागत नाही, इथं शाई फुटली." चुकीचं नाव ठासून सांगण्यापेक्षा हे कधीही बरं, कारण हा कागद पुढे जात पडताळणीला, म्हणजे व्हॅलिडिटीला जातो. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 आधीचा, लेकराची ॲडमिशन त्यावर अडते. आमच्या मौज्याची कोतवाल बुकं पोर्टलवर मिळाली नाहीत, नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधूनच काढावी लागली, चकरा पाच झाल्या.

पाचव्या चकरेला 1918 चं बुक हाती आलं. कोपरे झडलेले, पान उलटताना हातात चुरा येत होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं उघडली तर मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, एका खाली एक, तीच मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. त्यात पणजाच्या नावाखाली दोन ओळी होत्या, "जौजे" लिहून एक आणि चार दिवसांनी "मुलगी, वय 2". नाव दोघींचंही नाही.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती 88 वर्षांची, कानानं कमी ऐकते. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "थे पहिली बायको होती बाप्पा, माय सांगे, वर्धेच्या पल्याडची होती." आत्या सोडली तर आमच्या घरात पणजाचं दुसरं लग्न झालं होतं हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं, माझ्या वडिलांनाही नाही. माहेरचं गाव तिला आठवत नाही, पण तिकडून एक म्हातारी पोळ्याला यायची म्हणते, तिची नात आर्वीकडे दिली आहे. पुढच्या रविवारी आत्याला घेऊन तिकडेच निघालोय, फोनमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेवीन.