मासिक पाळीचा धडा आणि कलम २९४

नमस्कार पालकसाहेब,

जिल्हा परिषदेच्या शाळांत वयात येण्याविषयीची पुस्तकं ठेवावीत, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही भडकून लिहिलंत, "ही अश्लीलता आहे, कलम २९४ वाचा. पोरं बिघडतील. सोलापूर म्हणजे पुणे-मुंबई नव्हे."

भारतीय न्याय संहितेचं, अश्लील पुस्तकं विकण्याविरुद्धचं ते कलम तुम्ही वाचलंत, पण अपवादाच्या अलीकडेच थांबलात. विज्ञान, साहित्य, कला, शिक्षण यांसाठी लोकहिताचं ठरणारं प्रकाशन त्यातून वगळलंय. ही पळवाट म्हणायची, तर दहावीच्या विज्ञानाचा दुसरा भागही जप्त करा. त्यात मानवी प्रजननसंस्थेची आकृती आहे, मासिक पाळीही आहे. ('घरी वाचून या' म्हणत तो धडा उरकणारे मास्तर आपल्याकडे कमी नाहीत, ते सोडा.)

पोरं बिघडण्याचा मुद्दा मराठीतूनच सर्वोच्च न्यायालयात गेलाय. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा उच्च न्यायालयाने अश्लील ठरवली होती. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. नुसता लैंगिक उल्लेखच अश्लील मानला, तर किशोरांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही, असं निकालात म्हटलंय. आणि ती तर करमणुकीची कथा!

म्हणून कायदा ढिला आहे असं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला अश्लील वस्तू विकली, दाखवली, की कलम २९५, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. शिक्षकाने वाईट हेतूने मुलीला मोबाइलवर घाणेरडी क्लिप दाखवली, तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं, कलम ११. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा मुख्याध्यापकांनी 'शाळेची बदनामी नको' म्हणून दाबला, तर त्याच कायद्याच्या कलम २१ खाली त्यांनाही वर्षापर्यंत आत जावं लागू शकतं.

पण हे सगळं सुरू कधी होणार? मुलीने घरी येऊन सांगितल्यावर. काय घडलं ते सांगायला तिच्याकडे शब्द हवेत, आणि नेमकं तेच पुस्तक तुम्ही कपाटातून काढायला निघालात.

राहिलं सोलापूर. पुण्यातल्या पोराच्या हातात जो फोन, तोच बार्शी-मोहोळच्या सातवीतल्या पोराच्याही हातात आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. खटकणाऱ्या पानांवर खुणा करून पुस्तक पुढच्या बैठकीला आणा, एकेक पान उघडून बोलू. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलांना दिसेल असा लावलाय का, तेही तिथेच विचारा.