उजवा मेंदू झोपलेला नसतो

सध्या सगळीकडे फिरणारा मजकूर असा: ‘डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा. माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो. रोज डाव्या हाताने लिहा, झोपलेला उजवा मेंदू जागा होईल.’ तिन्ही विधानं चुकीची आहेत. पहिल्यामुळे रुग्णाचं नुकसानही होऊ शकतं, म्हणून ते शेवटी घेतलं आहे.

‘फक्त 10 टक्के’
मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण आपण स्वस्थ पडलेलो असतानाही शरीराची जवळपास 20 टक्के ऊर्जा तो खातो. निकामी पेशींवर शरीर एवढा खर्च करणार नाही. स्कॅनच्या रंगीत चित्रांनी या गैरसमजाला खतपाणी मिळतं. चित्रातला लाल-पिवळा ठिपका फक्त फरक दाखवतो: एखादं काम करताना त्या जागी रक्तपुरवठा किती वाढला. बाकीचा मेंदू तेव्हाही चालूच असतो. कॉर्टेक्स हा मोठ्या मेंदूवरचा 2 ते 4 मिलिमीटर जाडीचा, घड्या पडलेला थर. त्यात डावीकडे अगदी मागच्या टोकाला इजा झाली, तर डोळे ठणठणीत असूनही दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसेनासं होतं.

‘डाव्या हाताने लिहा’
डावा हात उजव्या कॉर्टेक्सच्या एका पट्ट्याकडून चालतो, हे खरं. पण बटण लावताना, दार ढकलताना तो पट्टा आधीपासूनच राबतो आहे. सरावाने डाव्या हाताचं अक्षर सुधारेल, बस.

‘डावा तर्काचा, उजवा कलेचा’
अपस्मार आटोक्यात आणण्यासाठी काही रुग्णांमध्ये दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारा सुमारे 20 कोटी तंतूंचा पूल, कॉर्पस कॅलोसम, कापला गेला होता. मेंदूचे अभ्यासक रॉजर स्पेरी यांनी या रुग्णांचा अभ्यास केला आणि त्यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं. दोन्ही बाजूंची कामं वेगळी असल्याचे ते निष्कर्ष पूल तुटलेल्या मेंदूंवरचे होते, पण पुढे ते सरसकट सगळ्यांना चिकटवले गेले.

कामाची वाटणी आहे, पण वेगळी. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा डावीकडे असते. डावखुऱ्यांपैकीही बहुसंख्यांची तिथेच. मात्र तेच वाक्य रागाने म्हटलं की लाडाने, हे ओळखण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. अंदाजे किती वस्तू आहेत, हे दोन्ही बाजू मोजतात.

मेंदूच्या उजव्या पॅराएटल भागाला (वरच्या-मागच्या बाजूला) इजा झालेल्या रुग्णाला घड्याळाची तबकडी काढायला सांगा. वर्तुळ पूर्ण येतं, पण 1 ते 12 आकडे उजव्या अर्ध्यातच कोंबलेले असतात. ताटातलं डावीकडचं तसंच उरतं. लुळा पडलेला डावा हात आपला नाहीच, असंही काही जण शांतपणे सांगतात.

मेंदूच्या उजव्या बाजूला झालेला पक्षाघात म्हणूनच फसवा. बोलणं बहुधा समजण्यासारखं असतं, रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो आणि घरचे थांबतात. त्याच्या शब्दावर विसंबू नका. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर 10 सेकंद धरायला लावा. एक हात खाली घसरला किंवा हसताना तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तर लगेच रुग्णालय गाठा. हात घसरला नाही, पण तक्रार अचानक सुरू झाली असेल, तरीही जा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. त्यामुळे रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळ लिहून सोबत न्या.