टुटू राजाच्या दरबारात शिवला गेला नाही

गेले काही आठवडे गुलाबी रिबिनींच्या फोटोंसकट एकच मजकूर माझ्याकडे फिरून फिरून येतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टुटू, म्हणजे बॅले नर्तकीचा आखूड, फुगीर झगा, फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या दरबारात जन्मला आणि तेव्हापासून बदललेला नाही, बॅलेचा झगा आखूड झाला तो फक्त पुरुषांना पाय दिसावेत म्हणून, पॅरिसच्या फॅशनने जे घेतलं ते सगळं बॅलेकडून, सपाट बॅलेरिना बूट फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोने आणले, आणि गुलाबी रंग ही बॅलेची पवित्र परंपरा आहे. मी नाचाचे पोशाख शिवते. यातलं बरंचसं चूक आहे, आणि त्या चुकीत नाचणारी बाईच पुसली जाते, याचा मला राग येतो.

लुईने १६५३ मध्ये, १४ वर्षांचा असताना, एका बॅलेत उगवत्या सूर्याची भूमिका केली हे खरं. पण त्याच्या अंगावर सोनेरी दरबारी पोशाख होता. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी रंगमंचावर आल्याच १६८१ मध्ये. अठराव्या शतकात कमरेखाली ताठ, फुगीर, आखूड झगा असे तो पुरुष नर्तकांना. त्याला तोनले म्हणत. आज आपण जो आडवा, ताटासारखा टुटू ओळखतो तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

आता झग्याच्या लांबीकडे येऊ. मारी कामार्गो ही अठराव्या शतकातली नर्तकी. हवेत उडी मारून पाय एकमेकांवर झरझर फिरवणं हे तिचं बलस्थान, आणि जमिनीपर्यंतच्या घेरात ते दिसेना. तिने झगा घोट्याच्या वर घेतला. तिची समकालीन मारी साले तर १७३४ मध्ये लंडनला फुगवट्याचा सांगाडा काढून, केस मोकळे सोडून, साध्या मलमलीत नाचली. पुढे १८३२ मध्ये 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी तालिओनी आली ती पोटरीपर्यंतच्या पांढऱ्या, तरल झग्यात. गॅसच्या दिव्यांत ते कापड धुक्यासारखं दिसे, आणि चवड्यांच्या टोकावर उभी राहिलेली ती जमिनीला टेकलीच नाही असं वाटे.

त्याच कापडाने जीवही घेतले. एमा लिव्री ही तालिओनीची लाडकी शिष्या. तेव्हा झगे पेटू नयेत म्हणून ते रसायनात बुडवण्याची पद्धत होती, पण त्याने कापड कडक आणि मळकट होई. एमाने नकार दिला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीत तिच्या झग्याने दिव्याची आग धरली आणि आठ महिन्यांनी ती गेली. वय अवघं २०. झगा कसा पडतो, कसा तरंगतो, याची किंमत नर्तकीने काय मोजली हे ज्याला ठाऊक आहे, तो 'फक्त पुरुषांसाठी' असं लिहिणार नाही.

पुरुषांची नजर नव्हती असं मी म्हणत नाही. १८३०च्या दशकापासून ऑपेराच्या श्रीमंत वर्गणीदारांना नर्तकींच्या दालनात प्रवेश होता, तिथे गरीब घरच्या मुलींचं शोषण झालं, आणि ते लपवायचं कारण नाही. पण १८८५ मध्ये इटालियन नर्तकी वीर्जीनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला शाही रंगभूमीचा नियम झुगारून आखूड झगा घालते, तेव्हा त्यामागे इटालियन पद्धतीचं अवघड पदकामही असतं. लांब झग्यात ते झाकलं जातं.

फॅशनचं म्हणाल तर देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. तालिओनीचा घट्ट वरचा भाग आणि घंटेसारखा घेर त्या काळच्या बायकांच्या पोशाखातूनच आलेला. १९१० मध्ये 'शेहेराझाद' या बॅलेसाठी लेओन बाक्स्ट या चित्रकाराने भडक रंगांचे पौर्वात्य पोशाख रेखाटले आणि पॅरिस वेडं झालं, हे खरं. पण पॅरिसचा फॅशन डिझायनर पोल प्वारे कॉर्सेटविना, म्हणजे कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्राविना, कपडे त्याच्या काही वर्षं आधीपासून करत होता. १९२४ च्या 'ल त्रँ ब्ल्यू' या बॅलेत तर फॅशन डिझायनर कोको शनेलने आपल्या दुकानातल्यासारखे विणलेले पोहण्याचे आणि खेळाचे कपडेच नर्तकांना चढवले.

बार्दोसाठी पॅरिसमध्ये नाचाचे बूट बनवणाऱ्या रोझ रेपेतोने १९५६ मध्ये सपाट बूट बनवले, बरोबर. पण अमेरिकेत फॅशन डिझायनर क्लेअर मॅकार्डेलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच, बुटांवर रेशनिंग असताना, कपेझिओ या नाचाचे बूट बनवणाऱ्या कंपनीकडून बॅलेच्या चपलेला रस्त्यावर चालेल असा तळ लावून घेतला होता. आपल्या दुकानांत 'बेली' म्हणून मिळतात त्या याच घराण्यातल्या.

'बदललेला नाही' म्हणणाऱ्यांनी १९५० मधलं, बॅलेचे पोशाख शिवणाऱ्या कारिन्स्काचं कामही पाहावं. रंगमंचावर गर्दी झाली की तारेच्या कड्याचे टुटू एकमेकांवर आपटायचे. तिने कडं काढून टाकलं, थर कमी केले आणि ते सैल टाक्यांनी असे जोडले की घेर पावडरच्या पफसारखा मऊ राहावा. शिवणारीला कळेल, हे किती अवघड आहे.

राहिला गुलाबी. तो परंपरा म्हणून नव्हे, गोऱ्या पायांशी जुळणारा म्हणून रूढ झाला. पाय आणि बूट एकच सलग रेषा दिसावी हा त्यामागचा हिशेब. सावळ्या पायांवर तीच रेषा घोट्याशी तुटते. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या कृष्णवर्णीय नर्तकांच्या बॅले संस्थेने १९७०च्या दशकात नर्तकांच्या कातडीच्या रंगाचे मोजे आणि बूट वापरायला सुरुवात केली. नाचाचे बूट बनवणाऱ्या लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेसोबत तपकिरी पॉइंट शूज, म्हणजे चवड्यांच्या टोकावर उभं राहायचे बूट, आणले ते २०१८ मध्ये. तोवर कित्येक नर्तकी दर नव्या जोडावर चेहऱ्याचं फाउंडेशन हाताने थापत होत्या.