चॅटबॉटला निबंध लिहायला नको, वाचायला द्या

मुलांच्या हाती एआय द्यायचं की नाही, यावर महाराष्ट्रात तावातावाने बोललं जातंय. ऑस्ट्रेलियात २०२३च्या सुरुवातीला हाच वाद झाला. बहुतेक राज्यांनी सरकारी शाळांत चॅटजीपीटी बंद केलं, दक्षिण ऑस्ट्रेलियाने केलं नाही. पुढे न्यू साउथ वेल्सच्या शिक्षण खात्याने स्वतःचा चॅटबॉट आणला. तो मुलाला आयतं उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो. मला यातलं हे शेवटचं पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे निबंध एआयच्या आधीच मुलांच्या हातून गेला होता. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' गाइडमधून पाठ करायचं आणि उतरवायचं. त्या लिखाणाला तपासणारा असतो, वाचणारा नसतो. साठ वह्या समोर असलेल्या बाईंनी प्रत्येकीत तीन प्रश्न लिहावेत ही अपेक्षाच चूक आहे. तेवढं काम यंत्राला देता येतं.

पहिला खर्डा हाताने, आठ-दहा ओळींचा, यंत्राशिवाय. मग तो शिक्षकांनी किंवा पालकांनी टाइप करायचा. हस्ताक्षराचा फोटो दिला तर अनुस्वार आणि जोडाक्षरं चुकू शकतात, आणि मग यंत्र त्या चुकांवरच प्रश्न विचारत बसतं. टाइप केलेल्या खर्ड्यासोबत चॅटबॉटला द्यायची सूचना अशी: 'तू वाचक आहेस. एकही वाक्य लिहून देऊ नकोस, शुद्धलेखन सुधारू नकोस, बोलीतले शब्द बदलू नकोस, कौतुक करू नकोस. तुला जे डोळ्यांसमोर आलं नाही, त्याबद्दल तीन छोटे प्रश्न विचार.'

समजा, मुलाने लिहिलं, 'माझे आजोबा खूप कष्ट करतात.' प्रश्न येतो: 'ते दमलेत हे तुला कशावरून कळतं?' मूल लिहितं, 'त्या दिवशी ते चप्पल न काढताच ओट्यावर बसतात.' हे वाक्य कुठल्याच गाइडात सापडणार नाही. तिन्हींची उत्तरं द्यायची सक्ती नको. दोन निवडू द्यावेत. निवडणं हाही लेखनाचाच भाग आहे. दुसरा खर्डा पुन्हा हाताने, आणि तो वर्गात मोठ्याने वाचायचा.

बिघडतं कुठे? संभाषण लांबलं की यंत्र मूळ सूचना सोडून परिच्छेदच लिहून देण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक निबंधाला नवं संभाषण उघडावं. 'आणखी सविस्तर लिही' छापाचा प्रश्न आला तर सरळ गाळावा. त्याने फक्त ओळी वाढतात. नाव, शाळा, पत्ता आधीच काढावा. युनेस्कोच्या २०२३च्या मार्गदर्शनात वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलंय, तेव्हा लहान वर्गांत यंत्र मोठ्यांच्याच हाती हवं. एकच संगणक असेल तर एक खर्डा, मुलाला विचारून आणि नाव न सांगता, पडद्यावर घ्यावा. तसे प्रश्न एकमेकांना विचारायला मुलं लवकर शिकतात.

एआयने लिहिलेला मजकूर पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र पैसे घालवू नयेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतलं. त्यापेक्षा दोन्ही खर्डे एकत्र जमा करून घ्यावेत आणि १०पैकी ४ गुण दोन्हींमधल्या फरकाला द्यावेत. महिन्याला असा एक निबंध पुरे. बाकीचे निबंध कमी केले तरी चालतील.