‘बारा व्होल्टचा कुठलाही चार्जर चालतो’: बोटीवर चालत नाही

शिडाच्या बोटीवरचा बॅटरी चार्जर बंद पडला की एक सल्ला हमखास कानावर येतो. मरीन, म्हणजे खास बोटींसाठी बनवलेला चार्जर म्हणजे नुसती नावाची किंमत. गाड्यांच्या बॅटरीच्या दुकानातून बारा व्होल्टचा, मिळेल तितक्या जास्त अँपिअरचा चार्जर आणा, जुन्याच वायरांना जोडा, गंज नको असेल तर अर्थिंग मोकळं सोडा आणि बटण दाबून खुशाल घरी जा. यात पैसे वाचतात हे खरं आहे. पण ज्या बोटीत रात्री माणसं झोपतात, तिथे हा सल्ला कुणी पाळू नये असं मला कळकळीने वाटतं.

मुळात चार्जरच गेलाय का, हे आधी कुणी बघत नाही. धक्क्यावरून बोटीला वीज आणणाऱ्या केबलची जळकी पिन, पडलेला एमसीबी, उडालेला फ्यूज किंवा वायरीच्या टोकाचा हिरवा पडलेला लग यांमुळेही चार्जिंग थांबतं. शिवाय कित्येक स्मार्ट चार्जर पार उतरलेल्या बॅटरीवर सुरूच होत नाहीत. तेव्हा नवा चार्जर आणण्याआधी मल्टिमीटर काढा. चार्जरच्या आत वीज पोहोचतेय आणि बाहेर काहीच येत नाही, हे दिसलं तरच पुढचं सगळं.

‘बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट.’ खरी गफलत इथे आहे. बारा हे त्या बॅटरीचं नुसतं नाव. पूर्ण भरून काही तास विसावलेली शिशाची बॅटरी 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते, अर्धी उतरलेली 12.2. भरताना तिला याहून बराच जास्त दाब, म्हणजे व्होल्टेज, लागतो. पाणी घालायच्या बॅटरीला 14.4 ते 14.8 व्होल्ट, आतलं आम्ल घट्ट केलेल्या जेल बॅटरीला 14.1 ते 14.4. आणि भरत आली की दाब 13.5 च्या आसपास उतरवावा लागतो. गॅरेजमधला साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर ही शेवटची पायरी उतरतच नाही. गाडीला तो रात्री लावून सकाळी काढतात, म्हणून तिथे निभावतं. बोटीवर तो आठवडेच्या आठवडे चालू असतो. मग पाणी उकळून जातं, प्लेटा उघड्या पडतात आणि हायड्रोजन सुटतो. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, आणि बोटीवरच्या बॅटऱ्या बहुतेक वेळा झोपायच्या फळीखालीच असतात.

आपल्याकडे उन्हाळा त्यात भर घालतो. इंजिनाशेजारी बॅटरी सहज 40 अंशांवर जाते. वरचे व्होल्टचे आकडे 25 अंशांचे आहेत. 15 अंश जास्त असतील तर भरण्याचा दाब साधारण 0.35 व्होल्टने कमी हवा. चांगल्या चार्जरसोबत तापमान मोजणारी वायर येते, ती बॅटरीला लावायची असते. पावसाळ्यासाठी बोट वर काढून चार्जर चालूच ठेवणाऱ्यांनी तर हे नीट वाचावं.

‘जास्त अँपिअर, जास्त चांगलं.’ नाही. पाणी घालायच्या 200 अँपिअर-तासांच्या बॅटऱ्यांना 20 ते 40 अँपिअर पुरतात. त्याहून जास्त दिले की त्या तापतात. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी असेल तर दोन आउटपुटचा चार्जर बघा, नाहीतर तीच नेमकी उपाशी राहते.

‘जुन्याच वायरा चालतात.’ हिशेब करून बघा. चार्जर बॅटरीपासून 3 मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 6 मीटर तांबं. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीतून 30 अँपिअर नेले तर पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. 10 च्या वायरीत 0.3. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तारांची घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. अमेरिकेतली एबीवायसी ही संस्था बोटींसाठी मानकं ठरवते, तिच्या नियमात हे अंतर 7 इंच आहे.

आता अर्थिंग. या सल्ल्यातली सर्वांत घातक ओळ हीच, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे. धक्क्यावरच्या अर्थिंगने शेजारशेजारच्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यातून तुमची झिंकं, म्हणजे बोटीचा बाकीचा धातू वाचवायला लावलेले जस्ताचे तुकडे, लवकर झिजू शकतात. पण त्यावर उपाय आहे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. तो गंज आणणारा थोडासा डीसी प्रवाह अडवतो, पण बिघाडाचा प्रवाह जाऊ देतो. पैसे असतील तर धक्क्याच्या तारांशी थेट जोडणी न ठेवता वीज बोटीवर आणणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. अर्थिंग तोडलं आणि चार्जरमध्ये आत कुठे 230 व्होल्ट बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीला लागले, तर ते इंजिन, शाफ्ट, पाण्यातला पंखा असं करत पाण्यापर्यंत पोहोचतात. एमसीबी पडेलच याची खात्री नसते. गोड्या पाण्यात माणसाचं शरीर पाण्यापेक्षा चांगलं वाहक ठरतं. जवळ पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि तो बुडतो. अमेरिकेत तळ्यांवर बोटी ठेवणारे मराठी लोक आहेत, त्यांनी पोरांना धक्क्याजवळ पाण्यात उतरू देण्याआधी याचा विचार करावा. खाऱ्या पाण्यात हा धोका कमी, पण धक्क्यावरून बोटीच्या रेलिंगला हात लावणाऱ्याला झटका बसायचा तो बसतोच. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, अर्थिंगच्या जोडीला हवा, त्याच्या ऐवजी नव्हे.

‘मरीन हे नुसतं नाव.’ नुसत्या लेबलवर विसंबू नये, इतपत मान्य. पण पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात ठिणगी बाहेर न पडू देणारा, तसा प्रमाणित चार्जरच लागतो. दुकानातल्या साध्या चार्जरला ते प्रमाणपत्र नसतं. अमेरिकेतून आलेल्या बोटीवरचा चार्जर फक्त 120 व्होल्टचा असू शकतो, तेव्हा पाटी वाचा. आणि लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठी वेगळं सेटिंग असलेलाच चार्जर घ्या. शिशाच्या बॅटऱ्यांसाठीचं इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जादा दाब देऊन भरणं, तिला चालत नाही.

बदलताना धक्क्यावरची केबल उपटून बाजूला ठेवा, नुसता एमसीबी पाडू नका. सोलर आणि इन्व्हर्टरही बंद करा. जुन्या जोडण्यांचे फोटो काढा. नवा चार्जर बॅटरीच्या थेट वर लावू नका, तिची वाफ त्याला खाते. बॅटरीचा प्रकार निवडा आणि पहिल्या चार्जला बोटीवरच थांबा. दाब 14.4 पर्यंत चढून नंतर 13.5 वर उतरलेला मीटरवर दिसला की मगच केबिनला कुलूप लावा.