कॉप्टिक भाषेचा उल्लेख हवा होता

‘रोझेटा शिलालेखातील ग्रीक मजकुरामुळे शांपोलियाँला चित्रलिपी उलगडली’ हे प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीवरील आपल्या लेखातील विधान मला अपुरे वाटते. एकच मजकूर चित्रलिपीत आणि ग्रीकमध्येही कोरलेला तो शिलालेख मी ब्रिटिश म्युझियममध्ये जवळून पाहिला आहे. त्याचा वरचा भाग तुटलेला असून चित्रलिपीच्या जेमतेम १४ ओळी, त्याही खंडित, उरल्या आहेत. १८२२ मध्ये इजिप्तमधील अबू सिंबेलच्या मंदिरातील एका राजनामाची नक्कल फ्रेंच अभ्यासक शांपोलियाँच्या हाती आल्यावर, शिलालेखातील टॉलेमी या राजाच्या नावामुळे परिचित झालेली शेवटची दोन चिन्हे ‘स’ची आहेत आणि आरंभीच्या सूर्यबिंबाचा उच्चार ‘रे’ असावा, म्हणजे हे नाव रामसेस या फेरोचे, असे त्याने ताडले, ते किशोरवयापासून जिवापाड अभ्यासलेल्या, प्राचीन इजिप्शियन भाषेतूनच उतरलेल्या कॉप्टिक भाषेच्या बळावर. त्या भाषेत सूर्याला ‘रे’च म्हणतात. इतक्या चांगल्या लेखात तिचा साधा उल्लेखही नसावा, याची खंत वाटली.